चुलीपाशी ऐकलेली चाल

“पायताण बाहेर काढायचं,” मी म्हटलं.

ती गोरी बाई मुकाट पायरीवर बसली आणि बुटाच्या नाड्या सोडायला लागली. तिच्याबरोबरचा माणूस ठेंगणा, काळासावळा, गालाची हाडं वर आलेली. डोक्यावर लोकरीची टोपी, कानावर लोंबणारी. आमच्याकडच्या उन्हात लोकरीची टोपी! तिनं त्याला कोपरानं ढोसलं तेव्हा त्यानंही बूट काढले. टोपी तेवढी राहिली.

“पानी द्या की, आये,” ती बाई म्हणाली. “लई तान लागलीय.”

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं. मला आये म्हणणारे दोघंच. एक शिदू, माझा थोरला, तो तिथंच सोप्यात सनईची पत्ती खरवडत बसला होता. दुसरा घर सोडून गेला त्याला कैक वर्षं झाली होती. आणि हे त्या दुसऱ्याचं बोलणं होतं, जसंच्या तसं, या परक्या बाईच्या तोंडात. तान लागली म्हणताना तो मान जरा वाकडी करायचा. तिनंही केली.

“कुठनं आलीस?”

“लांबनं. आयर्लंड. मी ऊना. दर्या आमच्या मेळ्यात असतो. आम्ही गावोगाव वाजवतो.” तिनं टोपीवाल्याकडे बोट केलं. “मी आलो, ह्यो आला. दर्या नाय आला.”

माझी सून शेवंता तोंडात पदर कोंबून हसायला लागली. “आत्याबाई, बाईमाणूस आणि ‘आलो’ म्हणती.”

“पुरुषाचं ऐकून शिकली, तर पुरुषासारखंच बोलणार. तू शाळेत जाऊन कोणते दिवे लावलेस? पाणी आण.”

शिदूनं पत्ती खाली ठेवली. तो माझ्याकडे बघेना, मी त्याच्याकडे बघेना.

आम्ही वाजंत्री. जतच्या पुढं कर्नाटकाच्या शिवेपर्यंत कुठंही लग्न असू दे, मांडवात आमच्या घरची सनई. ती माझे मालक वाजवायचे, आणि वाजवायचे म्हणजे असे, की नवरीच्या आईआधी वरमाई रडायला लागायची. पण सनई एकटी वाजत नाही. तिच्या जोडीला सूर लागतो. सूर म्हणजे दिसायला सनईच, पण तिच्यातनं एकच स्वर काढायचा आणि तो तुटू द्यायचा नाही. गालात हवा धरायची, श्वास नाकानं घ्यायचा, वरात दारात पोचेपर्यंत. सनईवाल्याला लोक फेटा बांधतात. सूरवाल्याचं तोंड कुणाच्या ध्यानातही राहत नाही. आमच्या घरात थोरल्यानं सनई घ्यायची, धाकट्यानं सूर धरायचा. हे कुणी ठरवलं मला ठाऊक नाही. मी सून म्हणून आले तेव्हा तसंच होतं.

दर्याप्पा माझा धाकटा.

एका वरातीत, नवरी मांडवातनं निघत होती तेव्हा, त्यानं सूर तोंडातनं काढला, जमिनीवर ठेवला आणि चालू लागला. मालकांची सनई उघडी पडली. त्यांनी चाल तिथंच तोडली. मुलीकडचे अपशकुन केला म्हणून अंगावर धावले. दर्याप्पा घरी आला तेव्हा मी दारात उभी होते, खबर माझ्यापर्यंत त्याच्या आधी पोचली होती.

“आयुष्यभर एकच सूर धरू का गं, आये?” तो म्हणाला.

“टाकलेला सूर उचलल्याबिगर ह्या उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा न्हाई,” मी म्हटलं.

तो वळला तो वळलाच. आधी मुंबई, मग जहाजावर भांडी घासायला, मग कुठं कुठं. सूर मालकांनी उचलून घरी आणला आणि माजघरातल्या खुंटीला टांगला. ते गेले तेव्हाही पोरगं आलं नाही. शिदू एकदा मला म्हणाला होता, “आये, सूर तर आत खुंटीला हाय. उंबरा न वलांडता त्यो उचलणार कसा?”

“ते त्याचं त्यानं बघावं,” मी म्हटलं होतं. बोललेलं मी मागं घेत नाही. दुकानातलं लुगडं नव्हे ते, बदलून आणायला.

तर त्या दिवशी ही दोघं सोप्यात घोंगड्यावर बसली. पाणी प्याली, गूळ खाल्ला. मी समोर बसले.

“तू दर्याप्पाची कोण? खरं सांग. बायको का?”

“नाय नाय!” ती हात हलवायला लागली. “माझा नवरा दुसरा हाय. मेंढरं राखतो.”

“मेंढरं?”

“लई मेंढरं. पावसात भिजतो, मला शिव्या देतो.”

“म्हणजे आमच्या धनगरासारखंच की,” मी म्हटलं. मला ती बाई जरा बरी वाटायला लागली. “आणि ह्यो?”

त्याचं नाव तिनं दोनदा सांगितलं. माझ्या जिभेवर बसेना. मी त्याला सेबाप्पा करून टाकलं. तो मान डोलावून हसला. तो लांबच्या डोंगरातला, ढगांच्या वर गाव आहे म्हणे त्याचं. त्यानं पिशवीतनं वेताच्या नळ्या काढल्या, एकीला एक लावून बांधलेल्या, आखूड होत गेलेल्या. तशाच नळ्यांची दुसरी ओळ काढून पहिलीच्या शेजारी ठेवली.

“हे एकच वाद्य,” ऊना सांगायला लागली. “पण दोन माणसं लागतात. ह्याच्यात एक सूर हाय, पुढचा नाय. पुढचा त्याच्यात हाय. एकानं फुंकायचं, मग दुसऱ्यानं, मग पहिल्यानं. दोघं मिळून एक गाणं. सेबाप्पाचा भाऊ अर्धं वाजवायचा. भाऊ मेला. आता ते अर्धं दर्या वाजवतो.”

मी ऐकून घेतलं आणि मला हसू फुटलं, पण ते चांगलं हसू नव्हतं. “शिदू, ऐकलंस? हितं अर्धं नको झालं म्हणून गेला. आणि साता समुद्रापल्याड जाऊन काय करतोय, तर अर्धंच वाजवतोय!”

“आये, गप की,” शिदू म्हणाला.

ऊना हसली नाही. “त्यासाठीच आलो आम्ही. मुंबईत कार्यक्रम होता. दर्या तिकडंच राहिला, म्हणाला, मी येत नाय. मी म्हणालो, मग आम्ही जातो तुझ्या घरी. तो काय बोलला नाय. गावाचं नाव तेवढं सांगितलं. आम्ही त्याच्या घरची एक चाल वाजवतो. आमच्यात कागदावर कोण शिकत नाय. माझ्या आजीकडनं मी कानानं शिकलो, सेबाप्पा बापाकडनं. दर्यानं ही चाल तशीच आम्हाला दिली. पण त्याला शेवट नाय. मी एक शेवट बनवला, माझ्या गावचा. दर्यानं नळ्या खाली ठेवल्या नि मंचावरनं उतरून गेला.”

“टाकून जायची खोड तिथंही आहे म्हण की.”

“तो म्हणतो, शेवट आईजवळ हाय.”

“चाल वाजवा आधी,” शिदू पुढं सरकला. “कोणची ते तर कळू दे.”

तिनं पेटीतनं सारंगीसारखं वाद्य काढलं, ते हनुवटीखाली धरतात. सेबाप्पानं नळ्या ओठाला लावल्या. नळ्यांचा आवाज सनईसारखा टोकदार नव्हता. त्यात वारा जास्त होता. माळावर उभं राहिल्यावर कानात घुमतो तसा.

दोन ओळी झाल्या आणि शिदू म्हणाला, “आरं, ही आपली बोळवणीची चाल! आबांची!”

मांडवातनं नवरी निघाली की मालक वाजवायचे ती चाल. मी ओळखली होती त्याच्या आधीच, पण पुढं भलतंच सुरू झालं. चालता चालता दोघं थांबली आणि ऊनानं उघड्या पायानं जमिनीवर थप थप थप केलं. मग पुन्हा एक ओळ. मग सेबाप्पानं नळ्यांत नुसताच वारा फुंकला, स्वर न काढता, फू, फू, असा लांब. मग पुन्हा ओळ. पुन्हा थप थप.

“ठेका पार चुकलाय,” शिदू कपाळाला हात लावून म्हणाला. “आबा असं कधी थांबायचे? आणि ह्यो वारा कसला?”

तेवढ्यात दोघांनी एकदम मान वर केली आणि दोघं ओरडली, “हाड!”

आणि जणू काहीच झालं नाही अशी पुढं वाजवायला लागली.

शेवंता खांबाला धरून हसत सुटली. शिदूही हसला. “आये, हाड म्हणतायत! बोळवणीच्या चालीत हाड!”

चाल एका जागी येऊन तुटली. ऊना घाम पुसत म्हणाली, “तिकडं लोकांना लई आवडतं. फू आलं की सगळा हॉल फुंकतो. शेकडो माणसं. हाड पण ओरडतात.”

मी उठले.

“कुठं चाललीस, आये?” शिदूनं विचारलं.

“पाहुणे उपाशी बसलेत ते दिसत नाही का तुला? भाकरी कोण टाकणार, तुझा आजा?”

“मी टाकते की, आत्याबाई,” शेवंता म्हणाली.

“तू हस.”

आत येऊन मी चुलीपुढं बसले. निखारे राखेखाली होतेच. तुराट्या सारल्या, परातीत पीठ घेतलं. डोळ्यांना धार लागली होती. अजून धूर झालाही नव्हता.

बाईमाणसानं सनईला तोंड लावायचं नाही, हे आमच्यात पक्कं. पण कानाला कोण कुलूप घालणार? मालकांच्या सगळ्या चाली माझ्या कानात होत्या, आणि पहाटे भाकरी थापताना त्या माझ्या तोंडातनं यायच्या. माझ्या बापानं मला दुसरीतनं काढली, मला लिहिता येतं ते कसंबसं. पण एकदा ऐकलेली चाल मी विसरले असं झालं नाही. त्या दिवशीही हात पिठात गेला आणि चाल आपोआप आली. दोन ओळी गुणगुणले. मग भाकरी थापली, थप थप थप, ती थापताना तोंड गप्प. मग पुढली ओळ. जाळ बसला, फुंकणी घेतली, फू, फू. मग पुढली. मागच्या दारात कुत्रं आलं, परातीत तोंड घालायला बघत होतं.

“हाड!”

सोप्यातलं बोलणं बंद झालं.

मी मान वर केली तर माजघराच्या दारात ऊना उभी होती. वाद्य तिच्या हातात लोंबत होतं. तिच्यामागं सेबाप्पा, त्याच्यामागं शिदू. शिदूचा चेहरा असा झाला होता, की मला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं. मी घेतलं नाही. घोडा झाला होता तो.

“आये,” तो हळू म्हणाला, “दर्या हितं बसायचा. चुलीच्या ह्या अंगाला.”

“मग कुठं बसणार? थंडीत दुसरीकडं ऊब होती का?”

“मी समजत हुतो, त्यो आबांकडनं शिकला.”

“आबांशेजारी तो सूर धरून असायचा. सूर धरणाऱ्याच्या कानात स्वतःचाच सूर घुमत असतो. त्याला सनई कुठनं ऐकू येणार?”

सेबाप्पाला ऊनानं काय सांगितलं कोण जाणे. तो आत आला आणि विचारल्याशिवाय चुलीच्या त्याच अंगाला उकिडवा बसला. नळ्यांची एकच ओळ ओठाला लावली आणि माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. मी पुढची भाकरी घेतली. मी गुणगुणले, त्यानं मधले मधले सूर भरले. मी थापलं, तो थांबला. मी फुंकणी उचलली, तर त्यानंही फुंकलं, आणि जाळ असा भडकला की त्याची टोपी जळता जळता राहिली. शेवंता ओरडली. तो हसला, मी हसले. किती वर्षांनी त्या चुलीपुढं कुणी बसलं होतं.

चाल त्या जागी आली. मी थांबले.

“पुढं?” ऊना म्हणाली.

“पुढं नाही.”

“पण हाय ना पुढं?”

शिदूनं तिला सांगितलं. “हाय तर. पण घरात म्हणायचं न्हाई. बोळवणीचा शेवट छपराखाली म्हटला, तर घरातलं माणूस बाहेर जातं म्हणत्यात. म्हणून आई तिथंच थांबायची रोज, आणि दर्याला वाटायचं, शेवट तिनं राखून ठेवलाय…” तो बोलता बोलता अडला. मग म्हणाला, “त्यात काय एवढं? आपण देवळापुढं जाऊ. मी सनई घेतो. पुरी चाल वाजवतो, तुम्ही ऐका नि न्या.” तो उठला देखील. खुंटीवरची सनई त्यानं काढली.

ऊनाचे डोळे चमकले. ती सेबाप्पाला उठ म्हणाली.

“शिदू, सनई ठेव,” मी म्हटलं.

“आये, घरात न्हाई वाजवत मी. बाहेर…”

“बाहेर नाही, देवळापुढं नाही, मुंबईत नाही. ठेव म्हटलं ना.”

“का पण?” ऊना माझ्यापुढं गुडघ्यावर बसली. “एवढ्या लांबनं आलो मी. दर्याला तेवढंच पाहिजे. मी नेतो, त्याला देतो. तो खूश होईल.”

“तू शहाणी आहेस, म्हणून एकदाच सांगते,” मी म्हटलं. “ती चाल पुरी झाली, की लेक घरची राहत नाही. तिला वाजवून वाटेला लावलेली असते. माझं पोरगं गेलं ते अर्ध्या चालीत गेलं. त्याच्या बापानं चाल तिथंच तोडली. त्याला कुणी वाजवून लावलेलं नाही.” मी परात जवळ ओढली. “शेवट तू तिकडं नेलास, तर मग तो गेला.”

ती सेबाप्पाकडे वळून त्यांच्या भाषेत सांगत राहिली, हळूहळू, अडखळत. तिचं सांगून झाल्यावर त्यानं डोक्यावरची टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. केस पार पांढरे होते. तो काहीतरी म्हणाला.

“काय म्हणतो?”

“तो म्हणतो, त्याच्या बापानं शिकवलं, दुसऱ्याचं अर्धं पण आपणच वाजवायचं नाय. माणूस नसेल, तर तेवढी जागा मोकळी ठेवायची.”

“ह्याला जेवायला वाढ गं,” मी शेवंताला म्हटलं. “तूप दे वरनं.”

जेवणं चुलीपुढंच झाली. मी शेवटची भाकरी तव्यावर टाकत होते, तेव्हा ऊनानं खिशातला फोन काढला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं, आणि हे तिला माझ्या पोराकडनं कळलेलं असणार. फोन लावून तिनं तो परातीशेजारी ठेवला.

“ऊना? पोचलीस का?”

आवाज घोगरा झाला होता. बापासारखा. माझ्या तोंडाला कुलूप लागलं. शिदू मला खुणा करत होता, बोल, बोल. ऊनाही बघत होती. तिकडनं तो हॅलो हॅलो करत होता, आता फोन ठेवणार असं वाटलं. मी फुंकणी घेतली आणि चुलीत फुंकलं.

फू. फू.

तिकडं एकदम शांत झालं.

“…आये?”

“मग दुसरी कोण असणार चुलीपुढं?”

“भाकरी थापतीयास?”

“माणसं धाडलीस, त्यांना काय माती वाढू?”

तो हसला का काय केलं, कळलं नाही. नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाला, “चूल पेटंना वाटतं.”

“लाकडं ओली हायती.” तुराट्या कडकडीत वाळलेल्या होत्या. शिदू बघत होता, त्यानं मान दुसरीकडं फिरवली. “फुंकून फुंकून छातीचा भाता झाला माझा. तुला येऊन फुंकाय काय होतंय?”

तव्यावर भाकरी करपली, कुणी उलटली नाही.

“शेवट सांगितलास का गं त्यास्नी?”

“न्हाई.”

“सांगू नगंस, आये.”

“मला शिकवू नगंस तू,” मी म्हटलं, आणि फोन ऊनाच्या हातात दिला.

ऊन कलल्यावर ती दोघं गेली. सेबाप्पानं जाताना माझ्या पायाला हात लावला, ऊनानं गळ्यात हात टाकले आणि म्हणाली, “मी परत येतो.” मी म्हटलं, “येते म्हण.” ती म्हणाली, “येतो येते.” गाडी वळणावर जाईतोवर शिदू हात हलवत उभा होता.

मी माजघरात गेले. खुंटीवरचा सूर काढला. त्याला तेल मी अधूनमधून लावत असेच, उंदरांनी खाऊ नये म्हणून. पदरानं पुसला, सोप्यात आणला. शिदूला म्हटलं, “दाराशेजारी खिळा ठोक. बाहेरच्या अंगाला.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “भाईर? कशाला?”

“आत कीड लागती. जरा ऊन मिळू दे.”

तो आत गेला. हातोडी घेऊन आला. “एवढ्यावर ठोकू?”

“वर. तुझ्यापेक्षा तो उंच हाय.”

आता शिदूची नातवंडं अंगणात खेळतात. घरात गॅस आला, शेवंताला गुडघ्यांनी खाली बसवत नाही. सूर मी संध्याकाळी दंव पडतं म्हणून आत घेते. सकाळी सडा घालून झाला, की पुन्हा त्या खिळ्याला टांगते. उंबऱ्याच्या बाहेर, त्याचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.